जुलमाचा हिशेब मांडणारा काजी

हिजरी सन ७३२ मधील रमजानचा पहिला दिवस. इसवी सनाप्रमाणे २७ मे १३३२. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील ट्युनिस शहरात एका विद्वान घराण्यात मुलगा जन्मला. नाव ठेवले अब्दुर्रहमान. पुढे जगाने त्यांना घराण्याच्या नावानेच ओळखले : इब्न खल्दून. हिजरी सन ८०८ मध्ये कैरो शहरात त्यांचा इंतकाल झाला, तोही रमजानच्याच अखेरच्या दहा दिवसांत. रोज्यांच्या महिन्यात सुरू झालेले आयुष्य रोज्यांच्याच महिन्यात संपले. या दोन रमजानांच्या मध्ये त्यांनी वजिरी केली, तुरुंग भोगला, करवसुली केली, न्यायासन सांभाळले. प्लेगच्या साथीत आईवडील गमावले, समुद्रात कुटुंब गमावले. आणि एक असा ग्रंथ लिहिला, जो आजही जगभर वाचला जातो.

त्या ग्रंथात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. भरभराटीला आलेली राज्ये का बुडतात? गजबजलेले बाजार ओस का पडतात? कोणी ग्रहताऱ्यांकडे बोट दाखवी, कोणी शत्रूच्या फौजेकडे. इब्न खल्दून यांनी महसुलाच्या वह्यांकडे पाहिले. शत्रू शेवटी येतो, त्याआधीच कारभारातील जुलमाने राज्य आतून पोखरलेले असते, असे त्यांना दिसले. जुलूम हे पाप आहे, हे सगळेच धर्म सांगतात. जुलूम हा तोट्याचा व्यवहार आहे आणि तो तोटा शेवटी जुलूम करणाऱ्याच्याच तिजोरीत उतरतो, हे त्यांनी सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वी पायरीपायरीने मांडून दाखवले.

जुलूम हा शब्द त्यांच्याच अरबी भाषेतला. रयत आणि हक्क हेही तिथलेच. मराठीत ते इतके रुळले आहेत की परके वाटत नाहीत. राजाने रयतेचा हक्क मारला की त्याचे नाव जुलूम, आणि जुलमाचा शेवट उजाड गावांत होतो, हे त्यांच्या विचाराचे सार आहे.

घराण्याची आठवण

इब्न खल्दून ज्या प्रदेशात जन्मले, त्याला अरबीत मगरिब म्हणतात. रमजानात मगरिबच्या अजानला रोजा सोडतात, तोच हा शब्द. मगरिब म्हणजे सूर्य मावळण्याची वेळ आणि सूर्य मावळण्याची दिशाही. अरब जगाच्या पश्चिमेचा हा पट्टा म्हणजे आजचे ट्युनिशिया, अल्जीरिया आणि मोरोक्को. खल्दून घराणे आपले मूळ येमेनकडील हद्रमौत प्रांतात सांगे. तेथून ते स्पेनमध्ये गेले आणि सेव्हिल शहरात पिढ्यान्‌पिढ्या मानाने राहिले. १२४८ मध्ये सेव्हिल कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजाच्या हाती पडले. त्याच्या थोडे आधीच या मंडळींनी घरदार सोडून समुद्र ओलांडला आणि पुढे ट्युनिसच्या हफ्सी सुलतानांच्या आश्रयाला ती स्थिरावली.

इब्न खल्दून यांचे पणजोबा हफ्सी राज्याचा जमाखर्च पाहणारे मोठे अधिकारी होते. गादी बळकावणाऱ्या एका तोतयाने त्यांना पकडले, त्यांची मालमत्ता जप्त केली, छळ करून त्यांना ठार मारले. ज्या हातांनी राज्याची तिजोरी सांभाळली, त्यांचीच ही गत झाली. वडिलांनी दरबाराकडे पाठ फिरवली आणि आयुष्य अध्ययनाला दिले. मुलालाही त्यांनी तेच वळण लावले. कुरआन मुखोद्गत झाले. मालिकी परंपरेचा धर्मकायदा, हदीस, व्याकरण, काव्य यांचे शिक्षण झाले. अल-आबिली नावाच्या गुरूंकडे ते गणित आणि तर्कशास्त्र शिकले.

१३४८-४९ मध्ये काळ्या प्लेगची साथ ट्युनिसमध्ये पसरली. सतरा वर्षांच्या इब्न खल्दून यांचे आई आणि वडील दोघेही गेले. अनेक शिक्षकही गेले. शहरे आणि गावे रिकामी झाली, वाटा पुसल्या गेल्या, राज्ये खिळखिळी झाली. जणू सगळी सृष्टीच बदलली आणि म्हणून इतिहासही नव्याने लिहायला हवा, ही जाणीव त्यांना पुढे ग्रंथ लिहिताना झाली. तिची मुळे या साथीत होती.

दरबार, तुरुंग आणि वसुली

पोरक्या तरुणाला दरबाराने बोलावले. १३५२ च्या सुमारास ट्युनिसमध्ये शाही फर्मानांच्या माथ्यावर ठरावीक मजकूर सुंदर अक्षरात लिहिण्याचे काम त्यांना मिळाले. काम मानाचे, पण महत्त्वाकांक्षी माणसाला पुरणारे नव्हे. दोन वर्षांनी ते मोरोक्कोतील फेज शहरी गेले. तेथे सुलतान अबू इनान याच्या दरबारात शिरकाव झाला आणि कारस्थानाच्या संशयावरून जवळपास दोन वर्षे तुरुंगही वाट्याला आला. सुलतान मेला तेव्हाच सुटका झाली.

पुढच्या सुलतानाने त्यांना चिटणीस नेमले आणि नंतर मजालिमचे काम सोपवले. मजालिम म्हणजे जुलमाविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे न्यायासन. हा शब्दही जुलूम या शब्दाच्याच कुळातला. अधिकाऱ्याने जमीन लुबाडली, बलवानाने हक्क मारला, अशी गाऱ्हाणी तेथे येत. राजाच्या नावाने सामान्य माणसाला काय सोसावे लागते, हे त्यांना तेथे जवळून ऐकायला मिळाले.

१३६२ मध्ये ते स्पेनमधील ग्रॅनाडाच्या सुलतानाकडे गेले. १३६४ मध्ये सुलतानाने त्यांना वकील म्हणून कॅस्टिलचा राजा पेद्रो याच्याकडे पाठवले. भेट झाली सेव्हिलमध्ये, म्हणजे पूर्वजांनी सोडलेल्या शहरातच. पेद्रोने त्यांना आपल्याकडे राहण्याचा आग्रह केला आणि घराण्याची जुनी मालमत्ता परत देऊ केली. त्यांनी नम्रपणे नकार दिला.

१३६५ मध्ये आजच्या अल्जीरियातील बिजाया येथे ते सुलतानाचे मुख्य वजीर झाले. सकाळी राज्याचा कारभार, त्यानंतर मशिदीत अध्यापन. या पदावर असतानाच त्यांनी ते काम केले, ज्याचे वर्णन त्यांनी आत्मचरित्रात लपवलेले नाही. डोंगरातील बर्बर टोळ्या कर देत नव्हत्या. इब्न खल्दून स्वतः त्यांच्या मुलखात गेले, त्यांची माणसे ओलीस ठेवली आणि कर पुरता वसूल करून आणला. सुलतानाला लढाईसाठी पैसा हवा होता. तरीही वर्षभरात तो सुलतान आपल्याच चुलतभावाविरुद्धच्या लढाईत मारला गेला. इब्न खल्दून यांनी शहर विजेत्याच्या स्वाधीन केले.

नंतरची काही वर्षे अशीच गेली. आज एका सुलतानाकडे, उद्या त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे. कधी वाळवंटातील अरब टोळ्यांना एखाद्या राजाच्या बाजूने वळवण्याचे काम, कधी जिवाच्या भीतीने पळापळ. त्यांच्या निष्ठा वारंवार बदलल्या, हा आक्षेप त्यांच्या हयातीतही होता आणि तो खोटा नाही. पण या धावपळीत त्यांनी जे पाहिले, ते एका जागी बसलेल्या पंडिताला दिसले नसते. कर ठरवणारा दरबार त्यांनी आतून पाहिला होता. कर देणारी टोळी समोरून पाहिली होती. तक्रार ऐकणाऱ्याच्या जागी ते बसले होते आणि तुरुंगाच्या गजांआडही.

किल्ल्यातील चार वर्षे

१३७५ मध्ये वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांनी दरबारांपासून सुटका करून घेतली. आजच्या पश्चिम अल्जीरियात कलात इब्न सलामा नावाची गढी आहे. एका अरब टोळीच्या आश्रयाने ते कुटुंबासह तेथे राहिले. या एकांतात चार वर्षे गेली. १३७७ मध्ये अवघ्या पाच महिन्यांत त्यांनी मुकद्दिमाचा पहिला खर्डा पुरा केला. मुकद्दिमा म्हणजे प्रस्तावना. जगाच्या इतिहासावर जो मोठा ग्रंथ लिहायचा होता, त्याची ही प्रस्तावना. पुढे ती मूळ ग्रंथापेक्षा प्रसिद्ध झाली.

तिच्यात टोळी आणि शहर, हवामान, व्यवसाय, शिक्षण, भाषा असे कितीतरी विषय आहेत. पण राज्य आणि रयतेची कमाई यांचे नाते सांगणारी प्रकरणे आजच्या वाचकालाही थांबवतात.

त्यांचे पहिले विधान साधे आहे. माणसाची कमाई त्याच्या श्रमातून येते. सुताराच्या कामात लाकडाची किंमत असते, पण श्रमाची अधिक असते. म्हणून माणसाने श्रम करायचे की नाही, यावरच सगळी वस्ती अवलंबून आहे. आणि तो श्रम करतो, ते मोबदला आपल्या हाती पडेल या आशेने. ही आशा तोडली की हात थांबतो. हात थांबला की शेत पडीक पडते, दुकान बंद होते आणि माणूस गाव सोडतो.

यावरून त्यांनी करांचा हिशेब मांडला. नवे राज्य येते तेव्हा राज्यकर्त्यांची राहणी साधी असते. कर थोडे असतात. इस्लामी कायद्याने ठरवलेल्या देण्यांनाही मर्यादा आहे. वर्षभर साठलेल्या धनावर जकात अडीच टक्के, शेतीच्या उत्पन्नावर दहावा किंवा विसावा हिस्सा. तेवढे दिले की उरलेले आपले, हे ठाऊक असल्याने लोक उत्साहाने कामाला लागतात. जमिनी लागवडीला येतात, व्यापार वाढतो आणि दर कमी असूनही खजिन्यात भरपूर पैसा येतो.

दोन-तीन पिढ्यांनी राजवाड्याची राहणी बदलते. खर्च वाढतो. फौजेला पगार जास्त द्यावा लागतो. मग जुन्या करांचे दर चढतात आणि नवे जकात-नाके बसतात. वेशीवर कर, बाजारात कर, प्रत्येक विक्रीवर कर. येथे जकात हा शब्द मराठीतल्या अर्थाने घ्यायचा. गरिबाच्या हक्कासाठी सांगितलेली धर्मातली जकात वेगळी. वाढ हळूहळू होते, म्हणून कोणी वाढवली हे सांगता येत नाही. पण एक दिवस कारागीर आपली मिळकत आणि आपले देणे समोरासमोर ठेवतो आणि हाती काही उरत नाही असे पाहून काम सोडतो. वसुली घटते. घट भरून काढण्यासाठी दरबार दर आणखी वाढवतो. वसुली आणखी घटते. राज्याच्या आरंभी हलक्या करातून मोठी वसुली, अखेरीस जड करातून तुटपुंजी वसुली, असे हे चक्र त्यांनी दाखवले.

यापुढची पायरी त्यांना अधिक घातक वाटली. खजिना रिकामा झालेला राजा स्वतः व्यापारात उतरतो. राजाच व्यापारी झाला की बाकीच्यांची बरोबरी कशी व्हावी? तो माल पडत्या भावाने घेतो, कारण विकणाऱ्याला नाही म्हणण्याची सोय नसते. तोच माल व्यापाऱ्यांच्या गळ्यात चढ्या भावाने मारतो. त्यांचे भांडवल त्या मालात अडकते. माल पडून राहतो, पोटासाठी तो मातीमोल भावाने विकावा लागतो आणि पेढी बसते. राजाला त्यात थोडा नफा झाल्यासारखा दिसतो, पण त्या व्यापाऱ्यांकडून वर्षानुवर्षे मिळणारा कर कायमचा जातो.

आणि वेठबिगार. श्रम हीच कमाई असेल, तर मोबदला न देता काम करून घेणे ही सरळ चोरी आहे, असे ते मानतात. जुलूम म्हणजे फक्त कोणाची जमीन बळकावणे नव्हे. कोणाला वेठीला धरणे, कायद्यात नसलेले देणे मागणे, ज्याचा हक्क आहे त्याला तो नाकारणे, हे सारे जुलमातच येते. तो करण्याची ताकद ज्याच्याकडे सत्ता असते त्याच्याचकडे असते, म्हणून या पापाचा विचार राज्यकर्त्याबाबत अधिक कडकपणे करावा लागतो. मोठ्या शहरात त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, हा इशाराही ते देतात. संपत्ती अफाट असल्याने झीज लपून राहते. लोकांना वाटते, एवढा अन्याय चालला आहे आणि शहर तर ठणठणीत आहे. झीज मात्र चालूच असते.

हा विचार पटवण्यासाठी त्यांनी इराणच्या बहराम राजाची एक जुनी कथा दिली आहे. राजाने शेतकऱ्यांच्या जमिनी काढून दरबाऱ्यांना वाटल्या होत्या. एकदा घुबडाचा आवाज ऐकून त्याने धर्मगुरूला त्याचा अर्थ विचारला. गुरूने सांगितले की नर घुबड लग्नाची मागणी घालतो आहे आणि मादी अट घालते आहे की बहरामच्या राज्यात उजाड झालेली वीस गावे मला दे. नर म्हणतो आहे की यात कठीण काय, या राजाचे राज्य असेच चालले तर हजार गावे देईन. राजा खजील झाला. गुरूने मग समजावले की राज्य फौजेवर टिकते, फौज पैशावर, पैसा लागवडीवर आणि लागवड न्यायावर. राजाने जमिनी मूळ धन्यांना परत दिल्या आणि गावे पुन्हा वसली. इब्न खल्दून यांच्या ग्रंथात रंजक कथांना तसा फारसा थारा नाही. ही मात्र त्यांनी सविस्तर ठेवली.

ईदच्या दिवशी मिसरमध्ये

ग्रंथासाठी पुस्तके हवीत म्हणून १३७८ मध्ये ते ट्युनिसला परतले. तेथेही मत्सर आणि कारस्थाने होतीच. १३८२ मध्ये हजला जाण्याचे कारण सांगून त्यांनी गलबत पकडले. सुमारे चाळीस दिवसांच्या प्रवासानंतर ते मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, अलेक्झांड्रिया बंदरात उतरले. तो दिवस ईद-उल-फित्रचा होता. त्यानंतर ते मगरिबला कधीच परतले नाहीत.

कैरो पाहून ते थक्क झाले. एवढी वस्ती, एवढे मदरसे, एवढा बाजार त्यांनी कधी पाहिला नव्हता. सत्ता मामलुकांची होती. मामलुक म्हणजे लहानपणी गुलाम म्हणून विकत आणलेले, सैनिक झालेले आणि पुढे राज्यकर्ते बनलेले लोक. सुलतान बरकूक नुकताच गादीवर आला होता. अल-अजहरमध्ये इब्न खल्दून यांची व्याख्याने सुरू झाली. मग सुलतानाने त्यांना कमहिया मदरशात नेमले. कम्ह म्हणजे गहू. या मदरशाला वक्फ केलेल्या, म्हणजे लोकहितासाठी कायमच्या सोडून दिलेल्या, जमिनी होत्या. त्यांतला गहू शिक्षक-विद्यार्थ्यांना वाटला जाई, म्हणून ते नाव.

१३८४ मध्ये बरकूकने त्यांना मालिकी परंपरेचे मुख्य काजी नेमले. मुकद्दिमा लिहून सात वर्षे झाली होती. जे कागदावर मांडले, ते करून दाखवण्याची ही वेळ होती.

न्यायालयात त्यांना काय आढळले, हे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. पैसे घेऊन साक्ष देणारे लोक प्रतिष्ठित साक्षीदार म्हणून मिरवत होते. अमीर-उमरावांच्या ओळखीमुळे त्यांना कोणी हात लावत नसे. सर्वांत वाईट अवस्था वक्फ मिळकतींची होती. गरिबांसाठी, मदरशांसाठी, आजाऱ्यांसाठी ठेवलेल्या मिळकती कायद्यातल्या पळवाटा शोधून आणि कागदपत्रांत फेरफार करून विकल्या जात होत्या. सोयीचा फतवा देणारेही मिळत.

नव्या काजींनी शिफारशी ऐकणे बंद केले. श्रीमंत आणि गरीब पक्षकारांना एका पातळीवर उभे केले. खोट्या साक्षीदारांना शिक्षा दिल्या. मोठ्यांच्या चिठ्ठ्या परत गेल्या. शहरात ओरड सुरू झाली. हा परदेशी आहे, याला इथल्या रीतीभाती ठाऊक नाहीत, हा फार कठोर आहे, इथला काजींचा पोशाख सोडून मगरिबी वेशात वावरतो, अशा तक्रारी सुलतानाच्या कानी गेल्या. त्यांचा स्वभाव ताठ होता आणि शिक्षा कडक होत्या, हे त्यांच्या बाजूच्यांनाही नाकारता आले नसते.

त्याच वर्षी घाव बसला. सुलतान बरकूकने ट्युनिसच्या सुलतानाला विनंती करून इब्न खल्दून यांच्या कुटुंबाला पाठवण्याची परवानगी मिळवली होती. ते गलबत अलेक्झांड्रियाजवळ वादळात बुडाले. घरची माणसे गेली, होते नव्हते ते सारे गेले. काजींचे मन पदावरून उडाले. १३८५ मध्ये, वर्षभरातच, त्यांच्याकडून पद गेले. ते अध्यापनाकडे वळले. १३८७ मध्ये हजला गेले आणि पुढच्या वर्षी परतले.

पुन्हा काजीपद मिळाले ते चौदा वर्षांनी, १३९९ मध्ये, तेही रमजान महिन्यात. मग नेमणूक, बडतर्फी, पुन्हा नेमणूक असा खेळ अखेरपर्यंत चालला. एकूण सहा वेळा ते त्या आसनावर बसले. न्यायाची पदे तेव्हा पैशाने आणि वशिल्याने फिरत. ज्या रोगाचे निदान त्यांनी केले होते, तो रोग त्यांच्या खुर्चीपर्यंत आलेला होता.

तैमूरची छावणी आणि भुकेली कैरो

१४०० च्या अखेरीस तैमूर सीरियावर चालून आला. तरुण सुलतान फरज फौज घेऊन दमास्कसला निघाला. पद नसलेल्या इब्न खल्दून यांनाही सोबत घेतले गेले. कैरोत बंडाची कुणकुण लागताच सुलतान मागे फिरला आणि दमास्कस उघडे पडले. जानेवारी १४०१ मध्ये अडुसष्ट वर्षांच्या इब्न खल्दून यांना दोरांनी शहराच्या तटावरून खाली सोडण्यात आले आणि ते तैमूरसमोर गेले. सोबत भेट म्हणून कुरआनची प्रत, नमाजाचे आसन, पैगंबरांच्या स्तुतीचे एक काव्य आणि मिसरच्या मिठाईच्या पेट्या होत्या. तैमूरने त्यांना मगरिबविषयी तपशीलवार लिहून द्यायला सांगितले आणि त्यांनी ते दिले. मागे अडकून पडलेल्या मिसरी अधिकाऱ्यांसाठी त्यांनी अभय मागून घेतले. शहर मात्र वाचले नाही. दमास्कस लुटले गेले, उमय्या काळातली थोरली मशीद आगीत सापडली. परतताना वाटेत खुद्द त्यांनाही लुटारूंनी नागवले.

अखेरच्या वर्षांत कैरोवर वेगळे संकट आले. १४०३ पासून नाईलचे पाणी पुरेसे चढले नाही आणि मोठा दुष्काळ पडला. अन्न महागले, साथी आल्या, माणसे मेली. इब्न खल्दून यांच्या व्याख्यानांना बसलेले अल-मकरीजी हे तेव्हा तरुण इतिहासकार होते. बाजारातील वजन-मापे आणि भाव यांवर देखरेख करणारे मुहतसिब म्हणूनही त्यांनी काम केले होते. १४०५ मध्ये त्यांनी या दुष्काळावर छोटे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की पाण्याने तूट येते, पण उपासमार एवढी लांबते ती कारभारामुळे. पदे लाच देऊन मिळतात. लाचेसाठी काढलेले कर्ज पदाधिकारी रयतेकडून वसूल करतो. जमिनीचा खंड शेतकऱ्याला झेपेनासा होतो. चांदीचे नाणे दिसेनासे होऊन तांब्याच्या हलक्या नाण्यांचा सुळसुळाट होतो. गुरूची रीत शिष्याने आपल्या शहराच्या भुकेला लावून पाहिली होती.

दुष्काळाच्या या काळातच, सहाव्यांदा काजी झाल्यावर थोड्याच दिवसांनी, १७ मार्च १४०६ रोजी इब्न खल्दून यांनी डोळे मिटले. कैरोच्या बाब-अन-नस्र या वेशीबाहेरील सूफींच्या कबरस्तानात त्यांचा दफनविधी झाला. कबर नेमकी कोणती, हे आज दाखवता येत नाही.

पुतळा पाहत होता

त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे दोन दशकांनी मामलुक सुलतान बार्सबाय याने साखर आणि मिरी यांचा व्यापार स्वतःच्या हाती घेतला. ती मिरी आपल्या मलबारातून तांबड्या समुद्रामार्गे जाई. राजा व्यापारी झाला तेव्हा कैरोच्या नामांकित मसाला व्यापाऱ्यांची घराणी मोडकळीस आली. मुकद्दिमातले प्रकरण जणू त्याच्यासाठीच लिहिले होते.

पुढे तुर्की इतिहासकारांनी मुकद्दिमा वाचली. १८५७ मध्ये ती कैरोजवळच्या बुलाक छापखान्यात छापली गेली आणि १८५८ मध्ये पॅरिसमध्ये. मग युरोपला कळले की समाज आणि संपत्ती यांचे शास्त्र मांडणारा माणूस आपल्या आधी कित्येक शतके ट्युनिसमध्ये जन्मला होता.

जन्मगावी आज त्यांचा ब्राँझचा पुतळा आहे. हातात ग्रंथ, अंगावर मगरिबी झगा. पुतळा उभा आहे तो शहराचा मुख्य रस्ता हबीब बुर्गिबा मार्गावर. १७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियातील सिदी बुझिद या लहान गावात मोहम्मद बुअझिझी या हातगाडीवर फळे-भाजी विकणाऱ्या तरुणाचा तराजू आणि माल जप्त झाला. तक्रार ऐकायला कोणी तयार नव्हते. त्याने सरकारी कचेरीसमोर स्वतःला पेटवून घेतले. १४ जानेवारी २०११ रोजी बुर्गिबा मार्ग माणसांनी भरून गेला आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाला.

नंतर जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी बेन अलीच्या कुटुंबाशी जोडलेल्या २२० कंपन्यांचा हिशेब तपासला. देशातील खासगी क्षेत्राच्या नफ्याचा पाचव्याहून अधिक हिस्सा या कंपन्यांकडे जात होता. त्यांनी दिलेला रोजगार मात्र सुमारे एक टक्का होता. ज्या धंद्यांत त्या होत्या, तिथे इतरांना शिरता येऊ नये असे नियम सरकारच करत होते. सत्तेने दुकान मांडले की शेजारचे दुकान का बसते, हे त्याच शहरात जन्मलेल्या माणसाने १३७७ मध्येच लिहून ठेवले होते.

रमजानात घरोघरी जकातीचा हिशेब होतो. वर्षभरात काय साठले, त्यातले आपले किती आणि गरिबाच्या हक्काचे किती, हे वही घेऊन पाहिले जाते. इब्न खल्दून यांनी तीच वही राजासमोर उघडली. खजिन्यात किती आले एवढेच पाहू नका, ते देणाऱ्याच्या हाती काय उरले तेही मोजा, असे त्यांनी सांगितले. स्वतः ओलीस धरून कर आणणाऱ्या आणि पुढे त्याच हातांनी खोट्या साक्षीदारांना शिक्षा करणाऱ्या माणसाला तो हिशेब कुठे चुकतो, हे नेमके ठाऊक होते.